चारशे सतरा नंबरची चिमणी

आता ही गोष्ट सांगू की नको, असं दर वेळी वाटतं आणि दर वेळी सांगतोच. फक्त कप खाली ठेवा. मागे एकदा ऐकता ऐकता आमच्या मेहुण्याच्या नाकातून चहा आला होता आणि त्याचा ठपकाही माझ्यावरच आला.

तर लासुर्ण्याच्या एका भरल्या मांडवात, मुहूर्ताला जेमतेम तास उरला असताना, मी एक वाक्य बोललो. एकच. कोणी विचारलं नव्हतं, कोणाला त्याची गरज नव्हती. सगळं सुरळीत चाललेलं, आणि मी त्यात पाय घातला. तेही कशासाठी? एका वीतभर पत्र्याच्या चिमणीसाठी.

पण चिमणी कुठून आली ते आधी सांगायला हवं.

मी टर्नर माणूस. राहायला सांगवीत आणि कामाला बारामतीच्या एमआयडीसीत. सतरा वर्षं एकाच कारखान्यात, एकाच लेथवर उभा. टोकन नंबर चारशे सतरा. आमच्याकडं नियम असा, की लेथवरून उतरलेल्या प्रत्येक नगावर आपापला टोकन नंबर ठोकायचा. पोलादी पंच असतात एकेका आकड्याचे. ते नगावर धरायचे आणि हातोडीचा एक ठोका द्यायचा. उद्या नग खराब निघाला तर हे पाप कोणाचं ते लगेच कळावं, म्हणून. माझ्या हाताला त्याची इतकी सवय लागली की नंबर पडल्याशिवाय काम संपलं असं वाटायचंच नाही. घरी पाट दुरुस्त केला, त्यावरही चारशे सतरा. बायको म्हणायची, "बरं झालं, पोरं तुमी घडवली न्हायीत."

आणि ही पापं हुडकून काढायला आमच्यावर घाडगे साहेब होते. इन्स्पेक्टर. तपासणीच्या टेबलावर बसायचे, चष्मा कपाळावर, हातात लाल खडू. नग उचलायचे, एक डोळा मिटून बघायचे, आणि फार म्हणजे फारच झालं तर म्हणायचे, "चालंल." सतरा वर्षांत त्या माणसाच्या तोंडून मी 'चांगलं' हा शब्द ऐकला नाही. दिवाळीला त्यांच्या घरी फराळाला गेलो तर चकलीकडं एक डोळा मिटून बघत होते.

मग त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला कारखान्याला टाळं लागलं. शेवटच्या दिवशी चार, एक आणि सात हे तीन पंच माझ्या खिशात राहून गेले. राहून गेले म्हणजे काय, ते तुम्ही समजून घ्या.

खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मला सकाळची भीती वाटायची. पहिल्या पाळीच्या वेळेला जाग यायची आणि जायला ठिकाण नसायचं. दुसऱ्या कारखान्यांत विचारलं, तिथं माझ्याआधी चाळीस जण विचारून गेलेले. हात रिकामे असले की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. मग मी घरातली चांगली कडी काढून परत बसवायचो, चांगला स्टोव्ह उघडायचो. तिसऱ्यांदा स्टोव्ह उघडला तेव्हा बायकोनं, सुनंदानं, मला हाताला धरून माळ्याखाली उभं केलं. माळ्यावर माझी गणपतीची आरास होती.

तो माझा जुना नाद. दर वर्षी घरच्या गणपतीपुढं काहीतरी हलतं-चालतं करायचो. पाण्याचा रहाट, धावणारी आगगाडी. आख्खी सांगवी बघायला यायची.

"ह्याच हातानं रुखवतं करा," सुनंदा म्हणाली. "लगीनसराई तोंडावर हाय."

"अगं, रुखवत पोरीनं करायचं असतं."

"पोरीनं केलं असं म्हणायचं असतं," ती म्हणाली.

बघा, बायकोला जे ठाऊक होतं ते मला चाळिसाव्या वर्षी कळलं. नवरीनं आपल्या हातची कला मांडवात मांडायची, सासरच्यांनी ती कौतुकानं बघायची, ही रीत. पण सगळ्याच मुलींच्या हातात मणी आणि सुई बसत नाही. तिथं मग शेजारची काकू, शाळेतली शिवणाच्या बाई, कोणीतरी गुपचूप कामाला येतं. तर आता गुपचूप मी.

पहिलंच गिऱ्हाईक तगडं मिळालं. लासुर्ण्याचे तात्या, ऊसवाले. त्यांची वैशाली इंदापूरला दिलेली. तात्या स्वतः मोटारसायकलवरून आले, दाराची कडी आतून लावून घेतली आणि बसले.

"बबनराव, ही गोष्ट तुमच्या-माझ्यात. आमची वैशू लई गुणाची हाय, पण हातात सुई दिली तर सुईच हारपती. आन् इंदापूरच्या विहीणबाई हायत कडक. बघायला आल्या तवा दोनदा इचारलं, पोरीच्या हातात कला हाय का? आमी म्हणून बसलो, हाय. आता ती कला तुमी काढायची."

"काढतो की."

"नीट पार पडलं तर आमच्या भावकीत हीच सराई आणिक चार लग्नं हायत. समदी तुमालाच. पण कुणाला पत्ता लागला, तर माझी अब्रू गेली आन् तुमचं काम बी."

चार लग्नं म्हणजे माझा उन्हाळा निघत होता. मी तात्यांना हात जोडून शब्द दिला, की माझ्या तोंडातून ब्र निघणार नाही. तुम्ही हसताय. हसा.

दोन महिने मी मान वर केली नाही. मण्यांची गाय, वासरू, लोकरीचं तुळशीवृंदावन, सुपाऱ्यांचे वऱ्हाडी फेट्यांसकट. आणि मधोमध प्लायवूडच्या फळीवर उभा साखर कारखाना. उसाच्या जागी खराट्याच्या काड्या, त्या वाहणारे ट्रॅक्टर, वजनकाटा, आणि पावडरच्या डब्याचा पत्रा वळवून केलेली चिमणी. आत उदबत्ती लावली की वरून खराखुरा धूर. दारावर कमान आणि तिच्यावर लाल अक्षरात पाटी, 'संतोष-वैशाली सहकारी साखर कारखाना मर्यादित'. संतोष म्हणजे नवरदेव. पाटी लिहून झाल्यावर मी स्वतःच लांब जाऊन दहा मिनिटं बघत बसलो होतो. कारखाना बंद पडल्यापासून पहिल्यांदा मला मी कोणीतरी आहे असं वाटलं.

आणि काम संपलं की माणूस काय करतो? मी केलं. एकवीस नग होते. सगळ्यांच्या बुडाला फळी. सगळ्या फळ्यांवर ठोका.

ते मी केलं हे मला आठवतसुद्धा नव्हतं.

लग्नाच्या दिवशी तात्यांनी मला बोलावलं ते केवळ धुरासाठी. उदबत्ती आत कशी खोचायची ते माझ्याशिवाय कोणाला जमेना. 'आमचे सांगवीचे पाव्हणे' म्हणून ओळख करून दिली आणि कानात सांगितलं, "धूर काढायचा आन् गप बसायचं." मी धूर काढला आणि खांबाला टेकून गप्प उभा राहिलो.

इंदापूरची मंडळी उतरली, आणि बायका रुखवताभोवती जमल्या. काय ते कौतुक. "बया, धूर बघ की गं." "ह्यो वजनकाटा हालतूय." मी छताकडं बघत होतो, पण कान रुखवतावर. आयुष्यात इतकी स्तुती मी कधी ऐकली नव्हती आणि त्यातला एक शब्दही माझ्या नावावर नव्हता. आतून कसंतरीच होत होतं, खरं सांगतो.

मग विहीणबाई आल्या. उंच, काठापदराचं लुगडं, नजर अशी की पोत्यातला खडा बाहेरून दिसावा. त्यांनी गाय उचलली आणि बाजारात बाई मडकं घेताना करते तसं सहज उलटी करून बघितली.

"हे चारशे सतरा काय हाय?"

तुम्हाला सांगतो, त्या क्षणापर्यंत मला पंचाची आठवणही नव्हती.

त्यांनी तुळशीवृंदावन उलटं केलं. चारशे सतरा. सुपारीचा फेटेवाला उलटा केला. चारशे सतरा.

वैशालीची आत्या शेजारीच उभी होती. बाई हजरजबाबी, आणि हजरजबाबी माणसं फार वाईट असतात. ती म्हणाली, "त्ये व्हय? चारशे सतरा दिस लागलं पोरीला. म्हणून लिवलंय."

"दिस मोजून?"

"आमची वैशू लई शिस्तीची."

बायकांत कुजबूज झाली, माना हलल्या. चारशे सतरा दिवस एका जागी बसून पोरीनं काम केलं. विहीणबाईंच्या चेहऱ्यावरसुद्धा जरा कौतुक आलं. मी श्वास सोडला. आत्याच्या पाया पडावं असं वाटलं.

आणि तेवढ्यात विहीणबाईंची नजर कमानीवर गेली.

"संतोष-वैशाली," त्यांनी सावकाश वाचलं. मग बोटं मोजायला लागल्या. "सुपारी फुटली माघात. आता वैशाख. आन् पोरीनं सुरवात केली सव्वा वर्सामागं. मंग तवा हिला आमच्या संतोषचं नाव कसं ठावं?"

आत्याचा हजरजबाबीपणा संपला होता.

"म्हंजे आधीपास्नंच वळख हुती म्हणा," विहीणबाई म्हणाल्या. "आमाला येडं करून बघण्याचा कारेक्रम करवला. संतोष, हिकडं ये रं."

नवरदेव मुंडावळ्या सावरत आला. त्याला काय झालंय ते कळायलाच दोन मिनिटं लागली. "आये, देवाची आण, बघायच्या दिवशी बघितलं तेवढंच," तो म्हणाला. पण बिचारा इतका घाबरला होता की ऐकणाऱ्याला ते कबुलीसारखंच वाटलं. तात्यांचा चेहरा पांढरा पडला. पलीकडं खोलीच्या दारात हळदीच्या साडीत वैशाली उभी होती. तिनं सगळं ऐकलेलं. तिच्याकडं बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीनं काही केलं नव्हतं. ठोका माझा होता.

बोलावं का? खरं सांगितलं तर तात्या खोटे पडतात. नाही सांगितलं तर पोरगी. मी खांब घट्ट धरून उभा.

एवढ्यात गर्दीतून आवाज आला, "काय घोटाळा हाय, अक्का? बघू."

आवाज ओळखीचा. फार ओळखीचा. गर्दी बाजूला झाली आणि फेटा बांधलेले, चष्मा कपाळावर घेतलेले घाडगे साहेब पुढं आले. नवरदेवाचे सख्खे मामा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर मी उदबत्ती पोस्टानं पाठवली असती.

साहेबांनी गाय उचलली. उलटी केली. एक डोळा मिटला. चारशे सतरा. मग हळूच मान वळवून सगळ्या मांडवावर नजर फिरवली आणि ती खांबापाशी येऊन थांबली.

सतरा वर्षं ज्या माणसानं माझी पापं हुडकली, त्याच्या हातात आज माझं सगळ्यात मोठं पाप होतं.

साहेबांनी गाय खाली ठेवली आणि मोठ्यांदा हसले. "अगं अक्का, ह्यो नंबर पोरीनं कशाला लिवंल? ह्यो प्लायवूडचा नंबर हाय. वखारीत ठोकत्यात. माझी सारी हयात नंबर बघण्यात गेली, मला ठावं न्हाय व्हय?"

"मंग ही आत्या दिस म्हणाली ती?"

"तिला काय ठावं? बाईमाणूस घाबरून बोलली कायतरी."

विहीणबाईंनी भावाकडं बघितलं, फळीकडं बघितलं. भावाचा शब्द होता आणि भाऊ जाणता होता. "असं व्हय," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली. मांडवात पुन्हा वारा आला. तात्यांनी घाम पुसला. भटजींनी घड्याळ बघितलं. सगळं मिटलं.

मिटलं होतं हो. मी तिथून सरळ एसटी पकडायला निघायला हवं होतं.

पण साहेब रुखवतापुढून हलले नाहीत. काही माणसांना निवृत्ती मानवत नाही. ते जरा वाकले, कारखान्यासमोर आले, पुन्हा एक डोळा मिटला, आणि सहज, अगदी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "काम चालंल. चिमणी तेवढी कललीय. दोन सूत."

आता मला सांगा, सतरा वर्षं ऐकलं ते पुरे नव्हतं का? दोन महिने मान मोडून केलेलं काम. सगळं गाव तोंडात बोटं घालतंय. आणि हे म्हणतात, दोन सूत. म्हणजे पाव इंच! माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. मी खांब सोडला, चार माणसं बाजूला सारली आणि भर मांडवात ओरडलो,

"कुठं कललीय, साहेब? लावा ओळंबा. मी स्वतः ओळंबा लावून बसवलीय ती!"

सनई वाजवणाऱ्यानंसुद्धा सनई खाली घेतली.

घाडगे साहेबांनी कपाळाला हात लावला. तात्या खुर्चीत बसले. आणि विहीणबाई सावकाश माझ्याकडं वळल्या.

"पाव्हणं," त्या म्हणाल्या, "तुमी बसवली?"

माझ्या तोंडातून ब्र निघणार नव्हता, तो आता खरोखरच निघेना.

बोलली ती वैशाली. खोलीच्या दारातून चालत पुढं आली. कोणी अडवायच्या आत विहीणबाईंसमोर उभी राहिली. "व्हय सासूबाई, समदं त्यांनीच केलंय. मला ह्यातलं काय बी येत न्हाय. बाबांनी म्हटलं येतंय, मी गप बसले, माझं चुकलं. मला ट्रॅक्टर येतो. नांगरट येती. मोटार जळली तर खोलून बघता येती. पर मणी ववता येत न्हायीत."

विहीणबाई खुर्ची ओढून बसल्या. "माझ्या रुखवतात चौदा तोरणं हुती," त्या म्हणाल्या. "एकाला बी माझी सुई लागली न्हवती. आमच्या शेजारणीनं केली समदी. आन् सासूनं पुढं धा वर्सं म्हटलं, आणिक एक कर, आणिक एक कर. काय काय सबबी सांगितल्या माझ्या मला ठावं." मग वैशालीचा हात धरला. "बरं केलंस बाय, आजच सांगितलंस. आमच्या घरी ट्रॅक्टर चार म्हैनं बंद पडलाय."

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मीही हसायला तोंड उघडलं, तर विहीणबाई म्हणाल्या, "आता लावा तो ओळंबा. मला बी बघू द्या, कोण खरं."

हळदीचा दोरा आणला, त्याला सुपारी बांधली, आणि घाडगे साहेबांनी तो चिमणीच्या शेजारी धरला. नवरदेव, दोन्हीकडचे पाहुणे, आचारी, सगळे उकिडवे बसून एकेक डोळा मिटून बघायला लागले. भटजी मागून ओरडत होते, मुहूर्त टळतोय म्हणून. मी गुडघ्यावर बसून बघितलं.

दोन सूत. अगदी बरोब्बर दोन सूत कललेली होती.

"ट्रॉलीतून आणताना हलली आसंल," मी म्हणालो. कोणाला ऐकू आलं नाही. अक्षता पडल्या, लग्न लागलं आणि मला पंगतीत कोपऱ्यात बसवलं. तात्यांनी स्वतः येऊन जिलबी वाढली आणि वाढताना खाली वाकून म्हणाले, "त्या चार लग्नांचं इसरा, बबनराव." जिलबी कडू लागू शकते, हे मला त्या दिवशी समजलं.

सुनंदाला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि उठून ते तीन पंच विहिरीत टाकून आली. मी मनाशी धरलं, धंदा संपला.

पुढच्या सराईच्या आधी एक जीप दाराशी थांबली. चालवत होती वैशाली, आणि शेजारून उतरल्या विहीणबाई. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

"रुखवत तुमीच करायचं," त्या म्हणाल्या. "तसलाच कारखाना, धुरासकट. पर दोन अटी. बुडाला नंबर टाकायचा न्हाय. आन् तुमी लग्नाला यायचं न्हाय."

तिथून जे सुरू झालं ते आजवर थांबलं नाही. बारामती-इंदापूरच्या गावोगाव माझे कारखाने धूर काढताहेत. लोक काम माझं मागतात आणि वर ती दुसरी अट घालतात. विहीणबाईंनी ती सगळ्यांना सांगून ठेवलीय. शेकडो रुखवतं केली असतील, त्यांतल्या एकाही पंगतीला मी जेवलेलो नाही. तेच एक लग्न, तीच ती जिलबी.

अडचण आली ती आमच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात. तिथं बापाला बोलावणं भागच होतं. सुनंदानं दोन दिवस विचार केला आणि रुखवत बारामतीच्या बाजारातून विकत आणलं.

लग्नाच्या दिवशी मी त्याच्यापुढं उभा होतो. तुळशीवृंदावन चार सूत कललेलं. गायीचे पुढचे पाय आखूड. सगळं मला दिसत होतं, आणि सुनंदा पलीकडून माझ्या तोंडाकडं बघत होती. शेजारी घाडगे साहेब येऊन उभे राहिले. त्यांनी रुखवताकडं बघितलं, एक डोळा मिटला, मग माझ्याकडं बघितलं.

"काय चारशे सतरा, कसं काय हाय काम?"

मी गिळलं सगळं.

"चालंल," मी म्हणालो.